असई ते पूंछ: गोळीबाराच्या गणितात न मोजलेली माणसं

मे २०२५ मधले ते चार दिवस आठवा. ७ तारखेपासून १० तारखेच्या युद्धविरामापर्यंत टीव्हीवर दोनच गोष्टी चालू होत्या, नकाशा आणि आकडे. त्यांचे किती गेले, आपले किती गेले, कुठली ठिकाणं उडवली. त्या गोंधळात एक माणूस भलत्याच रकान्यात टाकला गेला. ७ मे रोजी पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात पूंछमधल्या एका मदरशाचे शिक्षक मारले गेले आणि काही राष्ट्रीय वाहिन्यांनी त्यांचा फोटो दाखवून त्यांना दहशतवादी ठरवले. पूंछ पोलिसांना निवेदन काढून सांगावे लागले की या माणसाचा दहशतवादाशी काही संबंध नाही. जूनमध्ये तिथल्या न्यायालयाने वाहिन्यांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचे आदेश दिले.

वाहिन्यांच्या वागण्यावर आपल्याकडे भरपूर लिहून झाले आहे, आणि ते लिहायलाच पाहिजे होते. मी गणित शिकवतो, त्यामुळे माझ्या डोक्यात दुसराच प्रश्न राहिला. तो मारा शिक्षकांवर नेम धरून केलेला नव्हता. मग लष्करी हिशोबात अशा माऱ्याचे गणित कसे मांडतात? आणि त्या मांडणीत मदरशातल्या शिक्षकाला, दूधवाल्याला, शाळेतून परतणाऱ्या पोराला कुठला रकाना असतो?

सोप्या ठिकाणापासून सुरुवात करू. आपल्या दहावीतल्या पोरांना ‘कव्हर फायर’ हा शब्द मोबाइलच्या खेळामुळे तोंडपाठ आहे. एकाने भिंतीआडून सारख्या गोळ्या सोडायच्या आणि दुसऱ्याने तेवढ्यात पळत पुढे जायचे. लष्करी भाषेत याच जातीच्या माऱ्याला सप्रेसिव्ह फायर म्हणतात. समोरच्याला मारणे हा त्याचा पहिला हेतू नसतो. त्याने डोके वर काढू नये, त्याला नेम धरता येऊ नये, एवढ्यासाठी तो असतो. खेळात मात्र एक गफलत आहे. गोळी अंगाला लागली तरच तुमची ताकद कमी होते, कानाजवळून शंभर गोळ्या गेल्या तरी पडद्यावरच्या माणसाचा हात थरथरत नाही. गंमत म्हणजे युद्धाचे पहिले गाजलेले गणितही याच खेळासारखे होते.

ते मांडले फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज मोटार-अभियंत्याने, १९१४ मध्ये. पुढच्याच वर्षी रशियात ओसिपोव नावाच्या अधिकाऱ्याने जवळपास तेच स्वतंत्रपणे मांडले. लँचेस्टरचे म्हणणे असे, की दोन्ही बाजू एकमेकांना बघून नेम धरून गोळ्या झाडत असतील तर ताकद ही संख्येच्या वर्गाइतकी धरायची. समजा एकीकडे १०० आहेत, दुसरीकडे ७०, आणि बंदुका सारख्याच. शेवटपर्यंत लढले तर १०० चा वर्ग १०,०००, ७० चा वर्ग ४,९००, फरक ५,१००, त्याचे वर्गमूळ साधारण ७१. म्हणजे ७० चे ७० संपले आणि मोठ्या बाजूचे फक्त २९ गेले. पण नेम न धरता नुसता एका पट्ट्यात मारा चालू असेल, तर वर्ग लागत नाही, साधी वजाबाकी लागते. १०० मधून ७० गेले, ३० उरले. पहिल्याला वर्ग नियम म्हणतात, दुसऱ्याला रेषीय नियम. हा दुसरा नियम लक्षात ठेवा, पूंछला तोच लागतो.

१९५४ मध्ये एंगेल नावाच्या संशोधकाने वर्ग नियम १९४५ च्या इवो जिमा बेटावरच्या लढाईला लावून पाहिला आणि तो चांगला जुळला. जुळायलाच हवा होता. बेट लहान, जपान्यांना कुमक नाही, पळायला जागा नाही, आणि जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढाई. सगळ्या लढाया अशा नसतात. आपल्या जिल्ह्यातलीच एक घेऊन बघू.

भोकरदन-जाफराबाद पट्ट्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीच्या कंपनी सरकारच्या फौजेशी गाठ पडली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याच महिन्याच्या २ तारखेला कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतलेले होते. शिंद्यांकडे पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली सुमारे १०,८०० कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा, शिवाय हजारोंचे घोडदळ. वेलस्लीकडे प्रत्यक्ष लढाईत उतरलेले साडेचार हजार. म्हैसूरचे आणि पेशव्यांच्या बाजूचे मराठा घोडेस्वार असे आणखी ५,००० होते, पण ते बहुतेक नदीपलीकडेच थांबले.

(इथे एक सांगून ठेवतो. या लढाईला हिंदू-मुसलमान असा रंग देणाऱ्या पोस्ट अधूनमधून फिरतात. शिंद्यांच्या कवायती पलटणींत उत्तर हिंदुस्थानातले पुरबिये होते, मुसलमानही होते. त्यांचा सेनापती युरोपियन. बेगम समरूच्या पलटणीही शिंद्यांच्याच बाजूने आल्या होत्या. आणि इंग्रजांच्या बाजूला म्हैसूरवाले, मद्रासी शिपाई आणि मराठे स्वार. या यादीतून ज्याला रंग काढायचा असेल त्याने खुशाल काढावा.)

आता वर्ग नियम लावा. १०,८०० चा वर्ग वजा ४,५०० चा वर्ग, त्याचे वर्गमूळ काढले तर ९,८०० च्या वर येते. म्हणजे गणित सांगते की इंग्रज फौज साफ संपली आणि पोलमनचे ९,८०० शिपाई उभे राहिले. झाले उलटेच. संध्याकाळी ९८ तोफा इंग्रजांच्या हातात होत्या.

पण त्यासाठी काय मोजावे लागले तेही बघा. वेलस्लीने पिंपळगावजवळ केळणा ओलांडली आणि तोफा सुरू झाल्या. त्याने आपल्या तोफा पुढे आणल्या, तर शिंद्यांच्या गोलंदाजांनी त्यांचे बैल आणि तोफची टिपून त्या गप्प केल्या. आजच्या भाषेत सांगायचे तर त्याचे कव्हर फायर सुरू होण्याआधीच बंद पडले. मग त्याने पायदळाला तोफांशिवायच संगिनी लावून चाल करायला सांगितले. उजव्या बाजूची ७४ वी पलटण भरकटून असई गावाच्या फार जवळ गेली, आणि सुमारे ५०० पैकी ४०० च्या आसपास माणसे मेली किंवा जखमी झाली. उरलेले मेलेल्यांच्या ढिगाआड चौकोन करून उभे राहिले. एकूण हिशोब ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. साडेचार हजारांतले दीड हजारावर, म्हणजे ३५ टक्के. समोरच्या तोफा दाबायला काहीच नसताना उघड्या रानातून चालत गेले की हा भाव पडतो.

आणि शिंद्यांचे गोलंदाज? ते संगीन छातीला लागेपर्यंत तोफेजवळून हलले नाहीत. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले, इंग्रज पुढे निघून गेल्यावर उठले आणि तोफा फिरवून त्यांच्या पाठीवर मारा केला. शाळेच्या पुस्तकात या माणसांची नावे नाहीत. घोडदळाने मनापासून साथ दिली असती, आणि भोसले व शिंदे स्वतः रणातून लवकर निघून गेले नसते, तर आपण आज दुसराच इतिहास वाचत असतो असे मला वाटते.

मग गणित चुकले कुठे? त्याने प्रत्येक माणूस मरेपर्यंत लढतो असे धरले. घाबरणे, मान खाली घालणे, निघून जाणे, यांना त्यात जागाच नव्हती. पुढच्या अभ्यासकांनी ही जागा भरायचा प्रयत्न केला. त्याची साधी मांडणी नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवता येते.

समजा गोळी जवळून गेली की माणूस ४ सेकंद मान खाली घालतो. त्या ४ सेकंदांत दुसरी आली तर तिथून पुन्हा ४ सेकंद. (४ हा आकडा मी उदाहरणासाठी धरला आहे.) समोर १०० माणसे आहेत आणि प्रत्येकाजवळून सरासरी दर ४ सेकंदांना एक गोळी जाते, पण ठरावीक वेळेने नाही, कशीही. मग कुठल्याही क्षणी किती जणांची मान वर असेल? शून्य असे वाटते ना? उत्तर ३७ आहे. कारण गोळ्या कधी लागोपाठ येतात, कधी मध्ये खंड पडतो, आणि त्या खंडात मान वर येते. गोळ्या दुप्पट करा, १३-१४ जण वर राहतात. तिप्पट करा, ५.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, सुरुवातीच्या गोळ्यांनी ६३ जण दबले, तितक्याच आणखी गोळ्यांनी फक्त २३-२४, आणि तिसऱ्या हप्त्याने जेमतेम ८-९. दारूगोळा वाढवत नेला तर फायदा घटत जातो. दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. पहिल्याइतक्याच गोळ्या अगदी ठेका धरून, प्रत्येकाजवळून बरोबर ४ सेकंदांनी एक अशा सोडल्या, तर कोणाचीच मान वर येत नाही. गोळ्या तेवढ्याच, फक्त खंड नाही. मशीनगनवाले दोन बंदुका आळीपाळीने चालवतात, एकीचा पट्टा बदलेपर्यंत दुसरी बोलते, ते याचसाठी.

आता हे लँचेस्टरच्या सूत्रात घाला. मघाचे १०० विरुद्ध ७० घेऊ. ७० वाल्यांनी नीट दबाव ठेवला आणि १०० मधले कुठल्याही क्षणी ३७ च गोळी झाडू शकले, तर १०० ची ताकद १०,००० ऐवजी ३,७०० धरायची. समोर ४,९००. म्हणजे ७० वाले जिंकतात आणि त्यांचे ३५ च्या आसपास उरतात. अर्थात मान खाली घातलेल्या माणसाला गोळीही कमी लागते, म्हणून प्रत्यक्षात हे इतके सरळ होत नाही. दाबून ठेवलेला शत्रू मरत नाही, फक्त थांबतो. त्या थांबलेल्या वेळात आपल्यातलेच कोणीतरी पुढे सरकावे लागते, नाहीतर सगळा दारूगोळा वाया.

१ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत ब्रिटिशांनी हा धडा फार महाग शिकला. आठवडाभर पंधरा लाखांच्या आसपास तोफगोळे टाकले. सकाळी साडेसातला मारा पुढे सरकला, जर्मन खोल खंदकांतून वर आले आणि मशीनगन लावल्या. एका दिवसात ५७,४७० ब्रिटिश हताहत, त्यातले १९,२४० ठार. तोफा थांबल्यापासून आपली माणसे पोहोचेपर्यंत किती मिनिटे लागतात, तिथे सगळा खेळ होता. कारगिलमध्ये १९९९ ला आपल्या तोफखान्याने अडीच लाखांवर तोफगोळे आणि रॉकेट टाकली, जवान कडा चढत असताना वरचा शत्रू दबलेला राहावा म्हणून. तिथेही शेवटच्या टप्प्यात तोफा थांबवाव्याच लागत, नाहीतर आपलेच जवान सापडले असते. उरलेले अंतर जवानांनी स्वतःच्या जिवावर काढले.

पण मघाचा तो ४ सेकंदांचा आकडा खरा किती? गणिताची सगळी इमारत त्या आकड्यावर उभी आहे, आणि तो मोजायचा कसा यावर अभ्यासकांचे भांडण आहे. खऱ्या भीतीचा प्रयोग प्रयोगशाळेत करता येत नाही. अमेरिकेच्या एस. एल. ए. मार्शल यांनी १९४७ च्या पुस्तकात लिहिले की दुसऱ्या महायुद्धात १०० मधले फक्त १५ ते २५ सैनिकच प्रत्यक्ष गोळी झाडत होते. पुढे हा आकडा जगभर वापरला गेला. १९८८ मध्ये रॉजर स्पिलर या इतिहासकाराने तपासले तेव्हा त्या आकड्याखाली आधार म्हणावा असे फारसे काही निघाले नाही.

याचा आपल्याकडचा पुरावा तर असईनंतर ६७ दिवसांनीच मिळाला. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला पुन्हा लढाई झाली. तोफा सुरू होताच कंपनीच्या तीन पलटणी फुटून पळाल्या. वेलस्लीने पत्रात लिहून ठेवले आहे की याच पलटणी असईला फार चांगल्या लढल्या होत्या, आणि अडगावचा मारा असईच्या पासंगालाही पुरणारा नव्हता. त्याने त्यांना गोळा केले, परत रांगेत आणले आणि जमिनीवर झोपवले. मारा कमी झाल्यावर उठवून लढाई जिंकली. तीच माणसे, तोच सेनापती, मारा कमी, आणि दबण्याचा आकडा मात्र कितीतरी पट. यातला कुठला आकडा सूत्रात घालणार? असईचा घातला तर अडगाव चुकते, अडगावचा घातला तर असई.

आज ही गणिते संगणकात चालतात. आपल्याकडे डीआरडीओची दिल्लीतली ‘इसा’ ही प्रयोगशाळा युद्धाच्या अशाच प्रतिकृती बनवते, जगातल्या सगळ्या मोठ्या सैन्यांकडे असे काम चालते. त्यात गैर काही नाही, दारूगोळा किती न्यायचा हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा हिशोबाने ठरवलेले बरे. माझी हरकत दुसरीकडे आहे. या सूत्रांत मूळचे रकाने दोनच, आपले आणि त्यांचे. असईच्या मातीच्या भिंतींआड शिंद्यांचे सैनिक आणि तोफा होत्या. पण ते मुळात राहते गाव होते, चुली होत्या, जनावरे होती. लढाईचे जे आकडे आपण शिकतो, त्यात त्या गावकऱ्यांचा रकाना नाही.

गेल्या काही वर्षांत हा तिसरा रकाना आला, पण कसा आला ते बघा. ‘प्लस ९७२’ या मासिकाने एप्रिल २०२४ मध्ये वृत्त दिले की गाझात ‘लॅव्हेंडर’ नावाची संगणकप्रणाली लक्ष्यांची यादी बनवत होती आणि सुरुवातीच्या आठवड्यांत एका कनिष्ठ लढवय्यामागे १५ ते २० नागरिक मेले तरी चालतील अशी मर्यादा ठेवली होती. इस्रायली लष्कराने हे नाकारले. त्या वृत्तात सांगितले ते खरे असेल तर नागरिक अखेर सूत्रात आले, पण खर्चाच्या बाजूला.

आता पूंछ. सीमेपलीकडून शहरावर पडणारा तोफगोळा नेम धरून कोणा एकाला मारत नाही. इथे लँचेस्टरचा दुसरा, रेषीय नियम चालतो. किती गोळे पडले, एका गोळ्याचा मारा किती जागेत पसरतो, आणि त्या जागेत उघड्यावर माणसे किती, या तिघांचा गुणाकार. तोफखान्याला आमच्या चौक्या दाबायच्या होत्या की शहराला घाबरवायचे होते, याने गुणाकार बदलत नाही. त्या दिवसांत पूंछ जिल्ह्यात डझनभराहून जास्त सामान्य माणसे गेली. मुसलमान, शीख, हिंदू सगळेच, त्यात लहान मुलेही.

या गुणाकारातल्या पहिल्या दोन संख्या शत्रूच्या हातात असतात. तिसरी आपल्या सरकारच्या हातात असते. उघड्यावरची निम्मी माणसे बंकरमध्ये गेली तर मृत्यू निम्मे होतात, यासाठी कुठला संगणक लागत नाही. सैनिक अडगावला जमिनीवर झोपला आणि वाचला, त्याला तसे शिकवलेले होते. शहरातल्या घरात झोपलेल्या माणसाला रात्री दीड-दोन वाजता कोण सांगणार की कुठे पळायचे? २०१७ च्या शेवटी केंद्राने जम्मू विभागातल्या सीमेलगतच्या पाच जिल्ह्यांसाठी १४,४६० बंकर मंजूर केले होते. मे २०२५ नंतर पूंछ शहरातल्या लोकांची तक्रार हीच होती की बंकर आहेत ते सीमेवरच्या गावांसाठी, शहरात नाहीत. तोफगोळा आता शहरापर्यंत पोहोचतो हे त्या रात्री सगळ्यांनी पाहिले.

वाहिन्यांवर ज्या तज्ज्ञांनी चार दिवस नकाशावर बाण काढले, त्यांना कोणी हे विचारलेले मी ऐकले नाही. १४,४६० पैकी किती बांधून पूर्ण झाले, शहरासाठी किती धरले आहेत, शाळा आणि मदरशांच्या आवारात किती? संसदेत जम्मू विभागाचे खासदार हे विचारू शकतात, आपले जालन्याचे खासदारही विचारू शकतात. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर येते, आणि त्या उत्तरात रकाने असतात.